लक्झरी गाडी पहिल्यांदाच घेतोय : डिझेल की पेट्रोल? (निफाड–नाशिक–मुंबई)

बागायतदार_निफाड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, छोटं पॅकहाऊस आहे, मळ्यातच घर. सध्या २०१४ ची डिझेल एसयूव्ही, अडीच लाख किलोमीटर झालेत, अजून तक्रार नाही. पण वडिलांच्या (आबा, वय ७८) कमरेचं ऑपरेशन झालंय आणि दर महिन्याला मुंबईला डॉक्टरांना दाखवायला न्यावं लागतं. जुन्या गाडीत कसारा घाट उतरेपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडतो. म्हणून तीन-चार वर्षं बाजूला टाकलेले पैसे आता गाडीत घालायचं ठरवलंय. मर्सिडीज ई-क्लास नक्की झाली, कारण मागच्या सीटवर आबांना पाय लांब करून बसता येतं.

अडलंय ते इंजिनावर. ई २०० पेट्रोल : २०४ हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ). ई २२०डी डिझेल : १९७ हॉर्सपॉवर, पण टॉर्क ४४०. आबा म्हणतात, "गाडी म्हणजे डिझेल. पेट्रोल स्कूटरमध्ये टाकायचं." बायको म्हणते पेट्रोल, कारण तिच्या मैत्रिणीची डिझेल गाडी सारखी गॅरेजला असते. मी मध्ये.

गाडी दहा वर्षं तरी ठेवणार. अनुभव असलेल्यांनी लिहा, ही विनंती.

घाटवाट
डिझेल. डोळे झाकून डिझेल.

माझी धाव दर आठवड्याला नाशिक–ठाणे–नाशिक. कसारा घाट चढताना पुढे दोन ट्रक शेजारी-शेजारी रांगत असतात, डावीकडे जागा मिळते ती पाच सेकंद. तेव्हा पाय किंचित दाबला की गाडी गेली पाहिजे. डिझेलमध्ये जी ओढ १५००–१८०० आरपीएमला मिळते, ती पेट्रोलमध्ये मिळवायला गिअरबॉक्सला दोन गिअर खाली यावं लागतं, मग इंजिन ओरडतं, मग गाडी निघते. चार माणसं आणि डिकीत द्राक्षाच्या पेट्या असल्यावर हा फरक चांगलाच जाणवतो.

शिवाय एका टाकीत नाशिकहून नागपूरला पोचून वर उरतं. समृद्धीवर क्रूझ लावून १२० ला सोडलेली डिझेल सेडान चालवून बघा, मग बोलू.

तर्रीवाला
वाचतोय. मला गाडी घ्यायची नाही, पण धागा चांगला होणार असं दिसतंय. मिसळ खाऊन येतो तोवर शंभर प्रतिसाद करून ठेवा.

हिशेबनीस
आधी आकडे बघू, ओढ नंतर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ही गाडी आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ई २०० ची ७८.५ लाख आणि ई २२०डी ची ८१.५ लाख होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी ४० टक्के झाल्यावर किमती हलल्या, त्यामुळे आजचं कोटेशन घ्याच. पद्धत मात्र हीच राहील.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी गाडीला रोड टॅक्स पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. शोरूमवाला हे शेवटच्या कागदावर दाखवतो. वरच्या किमतींवर पेट्रोलचा टॅक्स १०.२ लाख आणि डिझेलचा १२.२ लाख येतो. म्हणजे किमतीतले ३ आणि टॅक्समधले २, मिळून ५ लाख रुपये डिझेलसाठी पहिल्या दिवशीच जास्त गेले.

आता इंधन. नाशिकला पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरतो. माझ्या पक्षकारांकडे अशा गाड्या आहेत, त्यांच्या सांगण्यावरून प्रत्यक्ष ॲव्हरेज पेट्रोलचं १० आणि डिझेलचं १४ धरतो.

वर्षाला १२,००० किलोमीटर : पेट्रोल सुमारे १ लाख २५ हजार, डिझेल सुमारे ७८ हजार. वाचले ४७ हजार. ५ लाख वसूल व्हायला साडेदहा वर्षं.

वर्षाला ३०,००० किलोमीटर : पेट्रोल ३ लाख १२ हजार, डिझेल १ लाख ९५ हजार. वाचले १ लाख १७ हजार. सव्वाचार वर्षांत वसूल.

त्यामुळे बागायतदार, तुमची वर्षाची रनिंग किती, हे आधी सांगा. आणि एक, गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर टॅक्स सरसकट २० टक्के आहे. नावाचा निर्णय घाईत घेऊ नका.

घाटवाट
हिशेबनीस, गणित बरोबर आहे. पण नव्वद लाखांची गाडी घेणारा माणूस डिझेलचे पैसे वसूल करायला बसत नाही. तो गाडी चालवायला कशी आहे ते बघतो.

हिशेबनीस
घाटवाट, ही गाडी द्राक्षाच्या पैशातून येतेय. ते पैसे कसे उभे राहतात हे मी मार्च महिन्यात दरवर्षी बघतो. पाच लाख म्हणजे पाच लाख.

सायली_इंदिरानगर
मैत्रिणीची डिझेल सारखी गॅरेजला असते, असं वहिनी म्हणतात ना, ती मैत्रीण मी असू शकते! माझा अनुभव सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर फार मनस्ताप वाचला असता.

२०२१ साली आम्ही एक जर्मन डिझेल सेडान घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं रोजचं काम म्हणजे इंदिरानगर ते मुलांची शाळा, तिथून अंबडला ऑफिस, संध्याकाळी तसंच परत. एका वेळी चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत. सात-आठ महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्याच्याही आधीपासून एक गोष्ट व्हायची : घरी येऊन गाडी बंद केली की पुढचा पंखा जोरात फिरत राहायचा आणि काहीतरी करपल्यासारखा वास यायचा. आम्ही समजायचो, उन्हाळा आहे.

ते उन्हाचं नव्हतं. एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरत आली की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडून जाळी ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग धाव लागते. मी दर वेळी ते काम अर्ध्यावर असताना गाडी बंद करत होते.

एका वर्कशॉपने सांगितलं, पूर्ण फिल्टर बदला. लाखांतला आकडा होता. मी रात्रभर झोपले नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकने कॉम्प्युटर लावला आणि म्हणाला, "ताई, फिल्टर जिवंत आहे. गाडीला हायवे दाखवा." पाथर्डी फाट्यावरून मुंबई हायवेला लागले. विल्होळी, वाडीवऱ्हे. गिअर हाताने खाली ठेवून आरपीएम अडीच हजारांच्या आसपास धरलं. मुंढेगाव जवळ आलं आणि दिवा विझला. गाडीत एकटीच होते, मोठ्याने "गेला!" म्हणून ओरडले. घोटीला चहा प्यायला आणि परत आले.

त्यानंतर ऑइलही बदलावं लागलं, कारण अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळचं न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. आता दर रविवारी सकाळी घोटीची फेरी ठरलेली. गाडी अप्रतिम आहे, हायवेला तिच्यासारखी मजा नाही. पण माझ्या रोजच्या कामाला ती चुकीची होती.

गोदाकाठ
सायलीताई, हे छापून प्रत्येक शोरूमच्या भिंतीवर लावायला हवं. आम्हाला विकताना सेल्समनने डीपीएफ हा शब्दही उच्चारला नव्हता.

बागायतदार_निफाड
सायलीताई, मनापासून आभार. आमच्या जुन्या गाडीत ही जाळी नाही, म्हणून ही भानगड माहीतच नव्हती. माझी रनिंग : महिन्याला एकदा मुंबई, आठवड्यात एक-दोनदा नाशिक. बाकी घर ते पॅकहाऊस, दिवसातून किती वेळा ते मोजलेलं नाही.

आणखी एक शंका. डिझेलमध्ये युरिया टाकावा लागतो म्हणे? युरियाच्या गोण्या आमच्याकडे पडून असतात. पाण्यात विरघळवून चालेल का?

गोदाकाठ
नको नको नको!

धूर साफ करायला गाडीच्या वेगळ्या टाकीत टाकतात ते ॲडब्लू. ते म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजविरहित पाणी. आपल्या शेतातल्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो पिकाला चांगला, गाडीच्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टला विष. वरून विहिरीचं क्षाराचं पाणी. पूर्ण यंत्रणा बसेल. सीलबंद कॅन मिळतो, तोच टाका. आणि तो संपू देऊ नका. गाडी आधी किलोमीटर मोजून इशारे देते, पण शून्यावर आली की बंद केल्यावर पुन्हा स्टार्ट होत नाही.

तर्रीवाला
शेताला युरिया, गाडीलाही युरिया. आता फक्त गाडीची छाटणी राहिली.

पंचवटीकर_आशुतोष
सगळे डिझेलच्या मागे लागलेत म्हणून पेट्रोलची बाजू मांडतो. सकाळी सहाला गाडी सुरू केली तर शेजारी जागे होत नाहीत. द्वारका सर्कलला अर्धा तास उभं राहिलो तरी गाडीत कंप नाही. थंड इंजिनावर दोन किलोमीटर गेलो तरी ती कुरकुरत नाही.

पण तिचं सगळंच गोड नाही. नव्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये उडवतात, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलची धुलाई होत नाही आणि तिथे कार्बन धरतो. काही वर्षांनी साफ करावा लागतो. आणि ई२० चं, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, काय ते बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ताकद गेली. नवी गाडी घेताना टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा.

मनमाड_जंक्शन
दिल्लीची डिझेल का नाही घेत? ९-१० वर्षांची लक्झरी डिझेल तिथे मातीमोल भावात मिळते.

हिशेबनीस
मिळते, कारण तिथे डिझेलला १० वर्षांची मर्यादा घातली गेली आणि लोक बाहेर विकायला लागले. पण एनओसी आणा, इथे पासिंग करा, महाराष्ट्राचा टॅक्स पुन्हा भरा. आणि दहा वर्षं जुन्या जर्मन गाडीचं एअर सस्पेन्शन बसलं की स्वस्ताई विसरायला होते. शिवाय आबांना बसवायचंय. नको.

सायली_इंदिरानगर
धागा दिल्लीला गेला, परत निफाडला आणा.

वीजबचत
२०२६ मध्ये हा प्रश्नच का पडावा? इलेक्ट्रिक घ्या. समृद्धीवर टोल माफ आहे.

बागायतदार_निफाड
दादा, विचार केला होता. मळ्यातलं घर शेतीच्या फीडरवर आहे. थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि त्या आठ तासांत आधी मोटारी चालवायच्या असतात. छाटणीच्या दिवसांत पाणी सोडू की गाडी चार्ज करू? पुढच्या गाडीला बघू.

मायकोकर
उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले.

सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, ३१ वर्षं नोझलवर काम केलं. आयुष्य डिझेलवर गेलं, घर त्यावर बांधलं, मुलींची लग्नं त्यावर केली. म्हणून माझं मत डिझेलच्या बाजूने असेल असं कोणालाही वाटेल.

नोझल म्हणजे काय ते थोडं सांगू द्या. इंजिनात डिझेल फवारणारा भाग : एक बॉडी आणि तिच्यात बसणारी सुई. दोन्हींमधली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली. जुन्या नोझलची परीक्षा आम्ही अशी करायचो : दोन्ही स्वच्छ डिझेलमध्ये बुडवायचे, बॉडी तिरपी धरायची, सुई तिसरा हिस्सा वर ओढायची आणि सोडायची. ती स्वतःच्या वजनाने, न अडकता, सावकाश खाली जाऊन बसली पाहिजे. पटकन पडली तर ढिली. अडली तर खरवडलेली. तेवढ्यावर आम्ही माल पास करायचो किंवा बाजूला काढायचो. आजही डोळे मिटले की ती सुई उतरताना बोटांना जाणवते.

तेव्हा ट्रॅक्टरचं नोझल २०० बारच्या आसपास उघडायचं. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात दाब २००० बारच्या पुढे जातो आणि छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. इंजिन म्हणून आजचं डिझेल जुन्यापेक्षा हजारपटीने सुबक आहे. घाटवाट जे ओढीबद्दल लिहितात ते अक्षर न् अक्षर खरं.

पण जुन्या डिझेलला फक्त जाळायचं काम होतं, धूर बाहेर सोडला की ते मोकळं. बीएस६ डिझेलला स्वतःची काजळी स्वतःच्या पोटात सांभाळायची असते आणि धावताना ती जाळायची असते. त्याला धाव मिळाली नाही तर ते आजारी पडतं. दोष इंजिनाचा नाही, दिलेल्या कामाचा.

बागायतदार, पॅकहाऊसच्या फेऱ्या "मोजलेल्या नाहीत" असं तुम्ही लिहिलंत. त्या मोजा. पंधरा दिवस प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की वहीत लिहा, किती किलोमीटर गेलो. मग इथे सांगा.

आणि डिझेल घेतलीत तर ट्रॅक्टरच्या पिपातलं डिझेल तिच्यात कधी ओतू नका. पिपाच्या तळाला पाणी असतं.

घाटवाट
काका, तुमच्यापुढे वाद घालत नाही. नोझलबद्दल असं कोणी लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं.

गोदाकाठ
मायको सर्कलवरून रोज जातो. उद्या जाताना वेगळं वाटेल.

पंचवटीकर_आशुतोष
जाता जाता माहिती : ऑडीने २०२० मध्ये बीएस६ आल्यावर भारतात डिझेल बंदच केलं. व्होल्वोने तर २०२४ च्या सुरुवातीला जगभरातली शेवटची डिझेल गाडी बनवली. दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणेल, हेही डोक्यात ठेवा.

घाटवाट
उलटही होऊ शकतं. मिळत नाही म्हणून चांगल्या डिझेलला मागणी राहील. लांब पल्ल्यावाले कुठे जाणार?

बागायतदार_निफाड
तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. काकांनी सांगितलं तसं केलं.

वही आबांनीच लिहिली. फवारणीची वही असते ना, कोणतं औषध, किती डोस, काढणीला किती दिवस बाकी, एक्सपोर्टसाठी सगळं नोंदवावं लागतं, त्याच वहीच्या मागच्या पानांवर. मी गाडी लावली की ओट्यावरून विचारायचे, "किती?" आणि लिहायचे. पंधरा दिवसांत ७४ फेऱ्या. त्यातल्या ५८ सात किलोमीटरच्या आतल्या. दुसऱ्या पानापासून त्यांनी "घर–पॅकहाऊस ३" लिहायचं सोडून नुसत्या खुणा मारल्यात. वर्षाची रनिंग बारा हजारांच्या आसपास बसते.

मधल्या रविवारी दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. आबांनी सेल्समनला बॉनेट उघडायला लावलं आणि डिझेलच्या बाजूला कान देऊन उभे राहिले. म्हणाले, "ही आपली आहे." विल्होळीच्या पुढे चढाला डिझेल चालवली तेव्हा घाटवाट यांची आठवण आली, खोटं बोलणार नाही. पेट्रोलला तिथे जरा रेस द्यावी लागली. मागे बसलेल्या आबांना मात्र दोन्हींत फरक कळला नाही. दोन्हींत ते घोटीपर्यंत झोपले. ऑपरेशननंतर ते गाडीत पहिल्यांदाच झोपले.

परत आल्यावर त्यांनी वही उघडली, खुणा मोजल्या आणि म्हणाले, "तीन किलोमीटरला घोडा जुंपायचा नाही. पेट्रोल घे."

पेट्रोल बुक केली. जुनी डिझेल विकत नाही.

घाटवाट
अभिनंदन! पण माझं मत तेच आहे. पॅकहाऊसला जुनी गाडी वापरा आणि मुंबईला नवी डिझेल. सोपं होतं.

बागायतदार_निफाड
घाटवाट, तेही ठरवून बघितलं. पण नवी गाडी दारात उभी ठेवून रोज जुनीच काढायची, हे आमच्याच्याने पाळलं जाणार नाही. बायकोची शाळा पिंपळगावला, सहा किलोमीटर. ती रोज नवीच नेणार आणि नेलीच पाहिजे. या पैशात तिच्याही घामाचे आहेत.

हिशेबनीस
योग्य निर्णय. गाडी स्वतःच्या नावावर घेतलीत ना?

बागायतदार_निफाड
आबांच्या नावावर.

सायली_इंदिरानगर
हे वाचून फार बरं वाटलं. वहिनींना सांगा, मैत्रिणीचं ऐकल्याबद्दल आभार.

तर्रीवाला
पेढे कुठे?

बागायतदार_निफाड
पेढे नाही, जानेवारीत द्राक्षं. सगळ्यांना.

मायकोकर काका, आबांचा एक निरोप आहे. विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे, लाइट नसली की तेच चालवतो. दोन महिने काळा धूर देतंय. आबा म्हणतात नोझल टपकतंय. तुम्ही बघाल का?

मायकोकर
काळा धूर आणि ठोका असेल तर आबा बरोबर सांगतायत. घेऊन या. मायको सर्कलला आलात की फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. सुई वेगळी काढू नका. होल्डरसकट सोडवा आणि स्वच्छ सुती कापडात गुंडाळून आणा. एका बॉडीची सुई दुसऱ्या बॉडीला बसत नाही. आबांनाही सोबत आणा.